रांगेतली पहिली बाई

बाबासो मगदूम राजा सोडून दुसरं काही कधी झालाच नाही. दिवसभर तो शाहूपुरीत खतं-बियाणांचं दुकान चालवायचा, ती गोष्ट वेगळी. पण संध्याकाळी नाटकमंडळीत पाऊल टाकलं की राजा. पौराणिक असलं तर दशरथ, ऐतिहासिक असलं तर कुठलातरी नृपती, आणि सामाजिक असलं तर घरातला कर्ता पुरुष, म्हणजे तोही शेवटी राजाच. उंची होती, आवाज होता, मिशा होत्या. शिवाय मंडळाच्या तालमी त्याच्याच गोदामात, खताच्या पोत्यांच्या थप्प्या बाजूला सारून व्हायच्या. त्यामुळे राजा कुणी व्हायचं हा प्रश्न पंचवीसेक वर्षांत कधी चर्चेलासुद्धा आला नव्हता.

एकच गोष्ट त्याच्या हाताला लागली नव्हती. अभिनयाचं रौप्यपदक. प्रशस्तिपत्रकांनी भिंत भरली होती आणि त्या प्रत्येकावर 'उत्तेजनार्थ' असं लिहिलेलं होतं. हा शब्द दिसला की बाबासोच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दर साली पदक दुसऱ्या कुणाला जायचं, हा उभा राहून टाळ्या वाजवायचा, आणि घरी येऊन पुढचे आठ दिवस त्या विजेत्याची नक्कल करून दाखवायचा. ती बघायला प्रेक्षक एकच. बायको. पद्मावती भाकऱ्या थापता थापता बघायची आणि म्हणायची, "व्हय, लईच वंगाळ काम केलंय त्यानं." मग बाबासोला जेवण जायचं.

यंदाच्या उन्हाळी स्पर्धेला बुद्धभूषण कांबळेनं नवं नाटक लिहिलं. बुद्धभूषण शाळेत इतिहास शिकवायचा आणि मंडळाची नाटकं बसवायचा. नाटक सुचायला कारण झालं ते युद्ध. समुद्रापलीकडं कुठंतरी ते पेटलं, तेल-वायूची जहाजं अडकली, आणि इकडं कोल्हापुरात सिलिंडर मिळेनासे झाले. पेटलं तिकडं आणि शेगड्या विझल्या इकडं. खानावळींच्या दारावर 'बंद'च्या पाट्या लागल्या, वड्याच्या गाड्यांवर ताडपत्र्या पडल्या, विजेच्या शेगड्या दुकानांतून एका दिवसात गायब झाल्या. गॅसच्या वितरकाच्या दारात पहाटेपासून रिकाम्या टाक्यांची रांग, आणि प्रत्येक टाकीवर एकेक बाई बसलेली.

"आण्णा, ही रांग बगितलीसा न्हवं?" बुद्धभूषणनं पहिल्या वाचनाला विचारलं. "असल्याच रांगेतनं रशियाचा झार पडला. शंभर वर्सं झाली. पुरुष समदे लढाईवर, रेल्वे दारूगोळा वाहण्यात गुंतलेली, शहरात पिठाची बोंब. बायका थंडीत पावासाठी रांगेत उभ्या. एक दिवस त्या उठल्या आन् चालाय लागल्या. गिरणीतल्या बाया मिसळल्या. शिपायास्नी हुकूम आला, गोळ्या घाला. पयल्यांदा घातल्या बी, पर मग त्यांनी बंदुका खाली केल्या. आठ दिवसांत राजा रेल्वेच्या डब्यात बसून गादी सोडून मोकळा. त्याच लढाईपायी जर्मनीचा गेला, ऑस्ट्रियाचा गेला. तोफंनं राजवाडा पडंल न पडंल, चूल विझली की पडतोय."

"कोल्हापुरात राजा पाडायचं नाटक?" बाबासो म्हणाला. "लोक चपला हाणतील की."

"कोल्हापूरच्या राजानं दुष्काळात स्वस्त धान्याची दुकानं काढली, म्हणून त्याच्या फोटूला आजबी हार हाय. नाटकातला राजा तसला न्हाय. बिननावाच्या देसाचा हाय. मनानं वाईट न्हाय बिचारा, नुसतं त्याला काय ठावं न्हाय."

बाबासोनं राजाची पानं मोजली. भरपूर होती. सज्ज्यातलं भाषण होतं आणि शेवटी मुकुट उतरवायचा प्रसंग होता, आणि त्यात परीक्षकांच्या डोळ्यांतून पाणी काढायची सोय होती. यंदा पदक आपलंच, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यातच संयोजकांचा निरोप आला, की महागाईमुळं यंदा बाई-पुरुष असा भेद न करता अभिनयाचं पदक एकच ठेवलंय. बाबासोला काही वाटलं नाही. राजाला राणीची भीती कसली?

रांगेतल्या पहिल्या बाईचं काम श्रुती नावाची मुलगी करत होती. ती संगणकाच्या क्लासमध्ये शिकवायची आणि खानावळीत जेवायची. खानावळ बंद पडली, चार दिवस तिनं केळी-बिस्किटांवर काढले आणि पाचव्या दिवशी बॅग भरून कुरुंदवाडला आईकडं निघून गेली. स्पर्धेला तीन आठवडे उरलेले. बुद्धभूषण डोकं धरून बसला.

पद्मावती तिथंच पोत्यावर बसली होती. एरवी ती तालमीला चहाची किटली घेऊन यायची. आता चहा बंद होता, तरी ती सवयीनं रिकाम्या हातानं यायची. बुद्धभूषण म्हणाला, "वैनी, आजच्या दिवस तेवढं वाचून दावा. बाकीच्यांची तालीम तरी हुईल."

पद्मावतीनं कागद हातात घेतला. त्यावर लिहिलं होतं, 'हे दैवा, आमच्या मुखीचा घास कोणी हिरावून नेला?' तिनं वाक्य वाचलं आणि तिला हसू आलं.

"सर, असं रांगेत कोण बोलतंय?"

"मग कसं बोलत्यात?"

"रांगेत राजाला पयल्यांदा कोण शिव्या देत न्हाय. पयल्यांदा मदी घुसणाऱ्या बाईला देत्यात. मग दुकानदाराला. मग आपापल्या नवऱ्याला. राजाचा नंबर लई उशिरा लागतोय. पर एकदा लागला म्हंजे मग बायका कुणाचं ऐकत न्हाईत."

बुद्धभूषणनं खिशातून पेन काढलं. तो म्हणाला, "तुमी बोला. मी लिवून घेतो."

आणि पद्मावती बोलली. मध्ये घुसणाऱ्या बाईला काय बोलतात ते बोलली, टाकीवर बसून पायाला मुंग्या आल्या की शेजारणीला कशी हाक मारतात ते बोलली, 'आज गाडी आली न्हाय' असं आतून सांगितल्यावर रांगेत कशी एकदम शांतता होते आणि त्या शांततेत कुणाच्यातरी पिशवीतली पाण्याची बाटली पडल्याचा आवाज कसा मोठा वाटतो, ते तिनं नुसतं उभं राहून करून दाखवलं. गोदामात कुणी हललं नाही. सेनापतीचं काम करणारा ज्ञानू, जो स्वतःची एन्ट्री सोडून कधी काही बघत नसे, तो भाला टेकवून बघत उभा होता. बाबासो सज्ज्यावर, म्हणजे लोखंडी स्टुलावर चढून आपल्या भाषणाची वाट बघत होता. त्याचं वाक्य आलं, ते त्यानं म्हटलं, आणि त्याच्या ध्यानात आलं की सगळे अजून बाईकडंच बघताहेत.

तिथून त्याच्या पोटात दुखू लागलं.

सुरुवातीला त्यानं ते स्वतःशीही कबूल केलं नाही. बायको नाटकात काम करते, कौतुकच आहे, असं तो दुकानात गिऱ्हाइकांना आपण होऊन सांगायचा. मग एक दिवस हातकणंगल्याचं एक जुनं गिऱ्हाईक बियाणं घेता घेता म्हणालं, "आण्णा, वैनी लई झ्याक काम करत्यात म्हणं. ज्ञानू सांगत हुता. यंदा पदक तुमच्याच घरात." बाबासो हसला. पदक घरात येणार हे चांगलंच होतं, पण घर म्हणजे कोण? त्या दिवशी त्यानं त्या माणसाला उधारी दिली नाही.

घरी तो मुकाट जेवायचा. जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवण. बाबासो इतर बाबतींत जेवढ्यास तेवढा धार्मिक होता, पण या नियमाला पक्का, आणि सोवळ्याओवळ्यालाही तेवढाच पक्का. पावणेसहाला दुकानातून यायचा, हातपाय धुवायचा, आतून आवाज यायचा, 'जेवायला येतासा न्हवं?', आणि पाटावर बसला की ताट समोर झाकलेलं असायचं. गरम भाकरी, आमटी, एखादी भाजी. जेवला की तालमीला. एकदा, सुरुवातीच्या दिवसांत, त्यानं विचारलं होतं, "मिळाला का सिलिंडर?" पद्मावती म्हणाली होती, "मिळंल की." त्याला वाटलं, मिळाला. त्यानंतर त्यानं विचारलं नाही. ताट गरम असताना चौकशी कोण करतो?

त्याला भूक निराळ्याच गोष्टीची होती. हे सगळं हिच्यात आलं कुठून? आपण पंचवीस वर्षं घासतोय, स्वर लावतोय, आरशासमोर उभं राहतोय, आणि ही पीठ चाळता चाळता उठून येते आणि माणसं श्वास घ्यायची विसरतात. त्यानं बुद्धभूषणला गाठून सांगितलं, "रांगंचा प्रसंग लांबतोय. निम्मा काढ."

"आण्णा, त्योच तर जीव हाय नाटकाचा."

"जीव राजात असतोय. नाव काय ठेवलंयस नाटकाचं? 'गादी'. 'रांग' न्हाय."

"त्येच बदलावं म्हणतोय मी," बुद्धभूषण म्हणाला. त्यानं ते सहज म्हटलं होतं, पण बाबासोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तो पद्मावतीच्या मागोमाग गेला. तिला कळू न देता, बायकोच्या पाळतीवर, या वयात. वितरकाच्या समोर पिंपळाखाली एक बंद पानपट्टी होती, तिच्याआड उभा राहिला. रांग वळसा घालून पार गल्लीत शिरली होती. पद्मावती पुढच्या सिलिंडरचा नंबर लावायला येत असेल, असं त्यानं धरलं होतं. पद्मावती आपल्या टाकीवर बसली होती, शेजारी मागल्या बोळातली शालूबाई, आणि भोवती दहाबारा बायका. मग पद्मावती उठली. तिनं पदर खांद्यावरून मागं टाकला, छाती पुढं काढली, एक हात कमरेवर ठेवला आणि पावलं आपटत चार हात चालली. वळली. नसलेल्या मिशीवरून बोट फिरवलं. ओठ न हलवता नाकातून काहीतरी गरजली.

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. शालूबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं.

बाबासोला ती चाल ओळखायला वेळ लागला नाही. त्याची स्वतःची होती. दशरथाची, नृपतीची, कर्त्या पुरुषाची. आणि सगळ्यात सलली ती गोष्ट निराळीच. नक्कल उत्तम होती. तो इतरांच्या करायचा त्यापेक्षा चांगली. तो परत फिरला, दुकानात येऊन बसला आणि दुपारपर्यंत एकाशीही नीट बोलला नाही. आपण हिला घरात नक्कल करून दाखवायचो आणि ही 'वंगाळ काम' म्हणायची, तेव्हा ती हसायची नाही, हे त्याला आत्ता आठवलं. आणि आजवर ज्या ज्या विजेत्याला त्यानं पाण्यात पाहिलं होतं, ते सगळे त्याला एकदम सोज्वळ वाटू लागले. परका माणूस पुढं गेला तर निदान त्याचं तोंड घरी आल्यावर दिसत नाही.

मग त्यानं बेत केला. तो बेत नाटकवाल्यालाच सुचावा असा होता. स्पर्धेत प्रयोगाला तासाची मर्यादा होती. तास ओलांडला की नाटक बाद. म्हणून बुद्धभूषण विंगेत बॅटरी घेऊन उभा राहायचा, आणि वेळ हातातून चाललाय असं दिसलं की बॅटरी गोल फिरवायचा. म्हणजे मधलं गाळा, शेवटावर या. नाटकाचा क्रम असा होता, की आधी राजाचं सज्ज्यातलं भाषण, त्यानंतर रांगेतल्या बाईचा मोठा संवाद, आणि मग मुकुट उतरवणं. राजानं भाषण लांबवलं, की गाळायला मधला संवादच राहतो. बाबासोनं जुन्या नाटकांतली भारदस्त वाक्यं जुळवून एक पुरवणी भाषण बसवलं आणि आंघोळीच्या वेळी पाणी ओतत ओतत ते पाठ केलं. नाटकाचं वाटोळं व्हावं असं त्याला वाटत नव्हतं. फक्त तिचा वाटा जरा कमी व्हावा, एवढंच.

प्रयोग दुपारचा होता. हॉल भरला होता. मंडळाची माणसं, पेठेतली माणसं, आणि यंदा नवीनच प्रेक्षक, रांगेतल्या बायका. शालूबाई त्यांना घेऊन तिसऱ्या ओळीत बसली होती.

पहिला अर्धा भाग झकास गेला. मग सज्जा आला. बाबासो मुकुट घालून वर उभा राहिला, खाली अंधुक उजेडात बायकांची रांग गोठल्यासारखी उभी. त्यानं ठरलेलं भाषण म्हटलं. 'घरी जा, माझ्या लेकरांनो, युद्ध संपेल, कोठारं भरतील.' इथं थांबायचं होतं. तो थांबला नाही.

"थांबा," तो गरजला. "या सिंहासनाच्या पायऱ्यांना विचारा, माझ्या पूर्वजांनी काय सोसलं!"

खाली ज्ञानूनं चमकून वर बघितलं. विंगेत बॅटरी एकदा लुकलुकली. बाबासोला ती दिसली, आणि तो पुढं बोलत राहिला. तलवारी आल्या, रणभूमी आली, वंशाची ज्योत आली. मागच्या ओळींतून कुणीतरी टाळी वाजवली, मग आणखी चौघांनी. त्याचा आवाज चढला. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं. बॅटरी आता गोल फिरत होती. गाळा, गाळा. ज्ञानू गादी सोडल्याचा कागद घेऊन पुढं निघालासुद्धा. झालं. संवाद गेला. बाबासोनं शेवटचं वाक्य फेकायला श्वास भरून घेतला.

"म्हाराज, जेवलासा काय?"

खालून प्रश्न आला. मोठ्यानं नाही, ओरडून नाही. रोज पावणेसहाला आतल्या खोलीतून यायचा त्याच आवाजात, त्याच पट्टीत. आणि बाबासोचं तोंड इतक्या वर्षांच्या सवयीनं आपोआप बोलून गेलं.

"व्हय, जेवलो की."

हॉलमध्ये हशा फुटला. लोक मांड्या बडवून हसले. बाबासोचे कान तापले. पण पद्मावती हसली नव्हती. ती रांगेतून एक पाऊल बाहेर आली होती.

"काय जेवलासा?"

आता न बोलणं बरं दिसलं नसतं. "भाकरी," तो म्हणाला. "आन्... दोडका." पुन्हा हशा.

"गरम हुतं?"

"हुतं."

"कुठल्या चुलीवर रांधलं?"

बाबासोनं स्वतःला सावरलं. छाती पुढं काढली आणि राजाचा शब्द शोधून काढला. "आमच्या मुदपाकखान्यात."

"तुमच्या मुदपाकखान्यात तीन आठवडं जाळ न्हाय, म्हाराज," पद्मावती म्हणाली. "तुमच्या घरची बाई परातीत पीठ घिऊन मागल्या बोळातनं जाती. शेजारणीच्या न्हाणीतल्या चुलीवर, तिची मासळी शिजती त्याच चुलीवर, सारवून घिऊन भाकऱ्या भाजती. धुरानं डोळं सुजल्यात तिचं. रोज समोर बसतासा, कदी बगितलासा? दिवस बुडायच्या आत तुमचं ताट झाकून ठेवती. आन् ताट गरम हाय म्हणून तुमास्नी वाटतंय, राज्य बरं चाललंय."

आता कुणी हसत नव्हतं. तिसऱ्या ओळीत शालूबाईनं पदर तोंडाला लावला होता.

राजाकडं अशा वेळेला शंभर उत्तरं असतात. बाबासोला त्यातली दहा तरी तोंडपाठ होती. 'उद्धट स्त्रिये' अशी सुरुवात करून आवाजाच्या जोरावर त्यानं तिला पुरतं झाकून टाकलं असतं, आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या असत्या. आपण बोललो तर हॉल आपला, गप्प बसलो तर तिचा, आणि पदकही तिचंच, हे त्याला लख्ख कळत होतं. त्याला बोलायचं होतं. फार बोलायचं होतं. त्यानं तोंड उघडलं आणि खाली बघितलं, आणि रंगभूषेच्या खालीसुद्धा तिच्या पापण्या सुजलेल्या दिसल्या. सकाळी खाल्लेला दोडका त्याला आठवला. त्याला धुराचा वास होता. तो वास तीन आठवडे होता. त्यानं तो भाकरीबरोबर गिळला होता आणि तालमीला गेला होता.

बाकीच्या बायका एकेक पाऊल पुढं आल्या. हे नाटकात नव्हतं. ज्ञानूनं काय समजायचं ते समजून भाला जमिनीवर ठेवला, आणि त्याच्या मागच्या दोन शिपायांनीही ठेवले.

बाबासोनं दोन्ही हात वर नेले आणि मुकुट उचलला. घाईत त्याच्याबरोबर केसांचा टोपही निघून आला. खाली त्याचं घामेजलेलं टक्कल उघडं पडलं. एरवी या गोष्टीवर कोल्हापूरकर महिनाभर हसले असते. त्या दिवशी कुणी हसलं नाही. तो मुकुट आणि टोप हातात धरून तसाच उभा राहिला, आणि पडदा पडला. तासाच्या आत.

विंगेत बुद्धभूषणनं त्याचा दंड धरला. "आण्णा, त्ये भाषण कशापायी घुसडलं, मला ठावं हाय. नाटक बाद झालं असतं. गळा दाबावा वाटत हुतं तुमचा." मग त्याचा आवाज उतरला. "पर असला शेवट मला लिवाय आला नसता."

संध्याकाळी निकाल लागला. आधी प्रशस्तिपत्रकं. अभिनय उत्तेजनार्थ, बाबासो मगदूम. तो वर जाऊन घेऊन आला. मग अभिनयाचं रौप्यपदक, पद्मावती मगदूम. रांगेतल्या बायकांनी खुर्च्यांवर उभं राहून दंगा केला. परीक्षक काहीतरी बोलत होते, पण त्या दंग्यात ऐकू आलं नाही. बाबासोनं टाळ्या वाजवल्या. ते काम त्याला चांगलं जमायचं.

घरी जाताना दोघं रंकाळ्याच्या काठानं चालत निघाली. दिवस मावळून गेला होता, म्हणजे आज दोघांनाही जेवण नाही. भेळेच्या गाड्याही उभ्या नव्हत्या. पद्मावती कट्ट्यावर टेकली. पदक तिनं पिशवीत टाकलं होतं, पण हात पिशवीवरच होता.

"वाईट वाटलं?" तिनं विचारलं.

बाबासो 'छे छे' म्हणणार होता. पण दिवसभर इतकं खोटं बोलून झालं होतं, की त्याला कंटाळा आला. "वाटलं की," तो म्हणाला. "लई वाटलं. तू वर चढलीस तवा आतनं नुसता जळत हुतो. अजून जळतोय."

"जळू दे. मरत न्हाय माणूस त्यानं." ती पाण्याकडं बघत होती. "मी बी जळलेय. तुमच्या दर नाटकाला विंगंत उभी हुते. चहाचं कप गोळा करत. तुमच्या समद्या राण्या मला पाठ हायत. एकेक जण यायची, तुमच्या समोर उभी ऱ्हायची, वाक्य इसरायची, आन् मी तिकडं अंधारात ओठ हलवत उभी. शिव्या द्यायची मनात. काय उभी ऱ्हातीस भवाने, मान वर कर की, असं."

पद्मावती उठून उभी राहिली. इकडं तिकडं बघितलं, कुणी नव्हतं. तिनं मान किंचित वर केली आणि म्हणाली, "जा महाराज. रणांगण वाट पाहतंय. पण परत याल तेव्हा मी अशीच असेन असं समजू नका. वाट पाहून माणूस दुसराच कुणी होतो."

लग्नानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातलं नाटक. राणीचं काम कुणा वकिलाच्या बायकोनं केलं होतं. तिच्या तोंडी ते वाक्य कुणाला ऐकूसुद्धा गेलं नव्हतं. आत्ता बाबासोच्या मानेवर काटा आला. ही त्या सगळ्या राण्यांहून सरस होती. त्याच्याहून सरस होती, तेव्हाही असणार. आणि हे कळल्यावर त्याच्या मनात पहिलं आलं ते कौतुक नव्हतं, पश्चात्तापही नव्हता. त्याच्या मनात आलं, बरं झालं, ही तेव्हा रंगमंचावर नव्हती. नाहीतर माझ्याकडं कुणी बघितलंच नसतं. आपल्याच मनाची त्याला शिसारी आली. ती असह्य होऊन त्यानं जे आलं होतं ते तसंच्या तसं तिला सांगून टाकलं.

पद्मावतीला त्यात नवल वाटलं नाही. तिनं पिशवी खांद्याला अडकवली.

"ठावं हाय," ती म्हणाली. "नवं लगीन झालतं तवा मी काम मागितलं हुतं. तालमीत एकदा वाचून बी दावलं हुतं तुमास्नी, ह्येच वाक्य. ऐकून घेतलासा, आन् दुसऱ्या दिवशी म्हणालासा, घरच्या बाईनं तोंड रंगवू नये." "मी किती चांगली हाय, त्ये समद्यांच्या आदी तुमास्नीच कळलं हुतं. म्हणूनच घेतलं न्हाईसा."

आणि ती चालू लागली. पहाटे परत रांगेत जायचं होतं.